एक रहस्यकथा, अठरा जणी आणि गटाचं पासबुक

संध्याकाळची वेळ आहे. चुलीवर भाजी असेल तर तिकडे बघा, पण कान इकडे असू द्या. आज आम्ही बियाणाचं, कर्जाचं किंवा लसीकरणाचं सांगायला बसलो नाही. आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. आम्ही अठरा जणींनी वैशाखापासून श्रावणापर्यंत ते मिळून वाचलं. वाचलं म्हणजे एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी मेथी निवडत होती, कुणी गोधडीला टाके घालत होती. पुस्तकाचं नाव ‘द दा विंची कोड’. लिहिणारा अमेरिकेतला डॅन ब्राऊन. इंग्रजीत ते २००३ साली आलं आणि जगभर त्याच्या आठ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. आमच्या हाती आला तो मराठी अनुवाद.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या बचत गटाला पॅरिसच्या खुनाचं काय घेणं? आमच्यातल्या एक काकू पहिल्या दिवशी हेच म्हणाल्या. पुण्याला शिकायला असलेल्या आमच्या सचिवताईंच्या मुलीने सुट्टीत ते पुस्तक आणलं होतं. ती म्हणाली, एकच प्रकरण ऐका, नाही आवडलं तर सोडून द्या. पहिल्याच पानांवर लूव्र नावाच्या मोठ्या संग्रहालयात रात्री एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला गोळी लागते. मरायच्या आधी तो स्वतःच्या अंगावर आणि जमिनीवर खुणा करून ठेवतो. प्रकरण संपलं तेव्हा काकूच म्हणाल्या, “अगं, मग पुढं?” तिथेच आम्ही अडकलो.

पुस्तकाची प्रकरणं छोटी आहेत. एकशे पाच आहेत, पण बहुतेक पाच-सहा पानांच्या फार पुढे जात नाहीत, आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी लटकत ठेवलेलं असतं. टीव्हीवरच्या मालिकेत दार उघडतं, चेहरा दिसायच्या आत भाग संपतो, अगदी तसंच. आठवड्यातून तीन दिवस, बैठकीला तीन-चार प्रकरणं, असा आमचा हिशोब बसला. हिशोब बसवला आम्ही आणि मोडला काकूंनी. “अजून एक वाच” म्हणणाऱ्या त्याच असायच्या.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सांगत नाही. मेलेल्या म्हाताऱ्याची नात सोफी पोलिसांत आहे. सांकेतिक भाषा उलगडणं हे तिचं काम. अमेरिकेतला एक प्राध्यापक, लँग्डन, खुणा आणि चिन्हांचा जाणकार आहे, आणि पोलिसांचा संशय त्याच्यावरच येतो. दोघं मिळून पळतात आणि पळता पळता कोडी सोडवतात. कोड्यांच्या तळाशी असं गुपित निघतं, की येशू ख्रिस्ताचं मरीया मग्दालीया या शिष्येशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश पुढे चालला, चर्चने ते दडपलं आणि एका गुप्त मंडळाने ते शेकडो वर्षं जपून ठेवलं. गोष्टीचा बहुतेक सगळा भाग एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात घडतो. आमच्या अंगणवाडीताईंनी विचारलं, ही माणसं जेवली कधी? एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या बंगल्यावर जातात, तर तो फाटकाशीच चहा कसा घेणार याचे प्रश्न विचारत बसतो. त्या दिवशी आम्ही फार हसलो.

आता मतं सांगतो, कारण खरी गंमत मतांत आहे.

आमच्या आशाताईंना सगळ्यांत जास्त लक्षात राहिला तो सायलस. तो गोष्टीतला मारेकरी आहे. पांढराफटक माणूस, मांडीला काटेरी पट्टा बांधून स्वतःला दुखवून घेणारा. पण त्याचं लहानपण आलं तेव्हा वाचणारीचा आवाजच बसला. बाप दारू पिऊन आईला मारायचा, मारता मारता एक दिवस आई मेली, आणि त्या पोराने बापाला भोसकलं. आशाताई म्हणाल्या, “याला खलनायक म्हणा, पण असली पोरं मी घरोघर फिरताना बघते. पाटीमागं लपून बसलेली असतात.” मग बराच वेळ पुस्तक बाजूला राहिलं आणि दोन घरांची नावं निघाली. ती रेडिओवर घेत नाही. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका घरी आम्ही चौघी जाऊन आलो, एवढं सांगतो.

सोफीवरून चांगलंच वाजलं. थोरल्यांना तिचा राग आला होता. ज्या आजोबाने वाढवलं त्याच्याशी दहा वर्षं बोलली नाही, त्याची पत्रंही उघडली नाहीत. “एवढा काय तो हट्ट? फोन तरी करायचा,” असं एका मावशींचं म्हणणं. तरण्या सुनांचं म्हणणं वेगळंच होतं. तिने जे डोळ्यांनी बघितलं ते आजोबाने तिला कधी समजावून सांगितलं नाही, मग चूक तिची कशी? यावर निकाल लागला नाही. पण एक मत आम्हा सगळ्यांनाच पटलं आणि ते दिलं बारावी झालेल्या आमच्या सगळ्यांत धाकट्या सदस्येने. ती म्हणाली, “सोफी पोलिसांत आहे, कोडी सोडवणं हे तिचंच काम आहे. मग अर्ध्या पुस्तकानंतर ती नुसतीच ‘म्हणजे काय?’ का विचारत बसते? दोन शिकलेले पुरुष समोर बसतात आणि पानंच्या पानं तिला शिकवतात.” आम्ही मागची पानं उलटून पाहिली. खरंच होतं. बायकांचा मान पुसून टाकला म्हणून तळमळणाऱ्या पुस्तकात कामाची बाई एकच, आणि तिलाही शिकवणी. धाकटीने हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, “ग्रामसभेत असंच असतंय की.”

आता मरीया मग्दालीयाकडे येतो. ही गोष्ट आम्ही जरा जपून सांगणार आहोत, कारण आमच्या गटात एक ख्रिस्ती मावशी आहेत. आमचा भाग श्रीरामपूर-राहुरीकडचा. इकडे मराठी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते तिला सगळ्या धर्मांची माणसं जातात. आम्हीही जातो. तर हे पुस्तक वाचायला घेताना त्यात काय आहे याची आम्हाला कल्पनाच नव्हती. निम्म्याहून जास्त प्रकरणांनंतर ते गुपित उघडलं तेव्हा सगळ्या जणी मावशींकडे बघायला लागल्या. वाचणारी थांबली. मावशी म्हणाल्या, “वाच की. मी काय मेणाची आहे का?”

त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला बायबल घेऊन आल्या. लूकच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे, येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या बायकांत मग्दालीया होती, योहान्ना होती, सुसान्ना होती, आणखीही कितीतरी होत्या, आणि त्या आपल्याजवळच्या पैशाअडक्यातून त्या सगळ्यांचा खर्च चालवत होत्या. हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं. अध्यक्षाताई एकदम म्हणाल्या, “म्हणजे गट होता की त्यांचा!” मग मावशींनी योहानाचा विसावा अध्याय सांगितला. येशू पुन्हा उठला तेव्हा त्याला आधी भेटली ती मग्दालीयाच. तिला तो माळी वाटला होता. आणि बाकीच्या शिष्यांना जाऊन सांग, असं त्याने तिलाच सांगितलं. मावशींचं म्हणणं असं होतं: “या लेखकाला तिला मोठं करायचंय, चांगली गोष्ट आहे. पण मोठं करायला तिचं लग्नच का लावावं लागतं? ती कुणाची बायको झाली, कुणाच्या वंशाची आई झाली, तरच ती मोठी का? पहिली साक्ष तिची होती, हे पुरे नाही का?”

मैत्रिणींनो, त्या पुस्तकावर पंडितांनी आणि धर्मगुरूंनी पुष्कळ लिहिलंय. पण आम्हाला याहून नेमकं मत कुणाचं वाटलं नाही. आपल्याकडे नोंदवहीत बाईचं नाव आलं की पुढे ‘अमक्याची पत्नी’ लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. आम्ही स्वतः दहा वर्षं तशाच नोंदी लिहिल्या आहेत.

मग्दालीयाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण इथे पुस्तकाचा एक मुद्दा खरा आहे. ती वाईट चालीची बाई होती अशी समज शेकडो वर्षं चालत आली. बायबलमध्ये तसं कुठेही लिहिलेलं नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एकच आहेत असं सांगितलं आणि एका पापी बाईची गोष्ट हिच्या नावावर चढली. ती उतरायला १९६९ साल उजाडलं. त्या वर्षी कॅथलिक चर्चने आपल्या दिनदर्शिकेत तिला वेगळी केली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या दिवसाइतक्या मानाचा केला. म्हणजे एका प्रवचनातला घोटाळा निस्तरायला तेराशे-चौदाशे वर्षं लागली. बाईच्या नावाला लागलेलं बोट किती दिवस राहतं, ते बघा. मावशी म्हणाल्या, “हे खरं लिहिलं असतं तरी पुस्तक खपलं असतं.” यावर कॉलेजची मुलगी म्हणाली, “नसतं खपलं मावशी. यात पळापळ कुठे आहे?”

मावशींच्या घरी जेवायच्या खोलीत येशूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर आहे. लिओनार्दो दा विंचीने इटलीतल्या मिलान शहरात मठाच्या भिंतीवर १४९५ ते १४९८ च्या सुमारास ते चित्र काढलं. तसबीर त्याचीच नक्कल. पुस्तक म्हणतं की येशूच्या उजव्या हाताला बसलेली आकृती बाईची आहे. झालं, एका रविवारी आम्ही दहा-बारा जणी मावशींच्या घरी. कुणी स्टुलावर चढली, कुणी मोबाईलवर तेच चित्र मोठं करून बघितलं. निम्म्या म्हणाल्या, बाईच आहे, केस बघा, चेहरा बघा. अभ्यासकांच्या मते तो योहान आहे, शिष्यांतला सगळ्यांत तरुण, आणि त्या काळात त्याला तसाच बिनदाढीचा, कोवळा काढायची रीत होती. हे आम्हाला चटकन पटलं ते काकूंमुळे. त्या म्हणाल्या, “कॅलेंडरवरचा आपला राम बघा, कृष्ण बघा. त्यांना तरी कुठं दाढी-मिशा असतात? म्हणून काय त्या बायका झाल्या?” तेवढ्यावर तपासणी संपली. मावशींनी पोहे केले.

आता जरा वाकडं बोलायचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान आहे, त्यावर ‘सत्य’ असा मथळा आहे. त्यात म्हटलंय की प्रायरी ऑफ सायन हे गुप्त मंडळ १०९९ साली स्थापन झालं, ते खरोखरचं आहे, आणि १९७५ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याचे गुप्त कागद सापडले. कादंबरी आहे म्हणताना हे पान आलं, की वाचणारा सरळ विश्वास ठेवतो. आम्हीही ठेवला. ग्रंथालयात कागद आहेत म्हटल्यावर कोण शंका घेणार?

हे पान आम्हाला पुढे फार उपयोगी पडलं, पण त्याआधी आमच्या गटावर काय ओढवलं ते सांगतो.

निम्मं पुस्तक झालं होतं. आषाढ लागला होता. एके दिवशी गावातल्या बायकांच्या मोबाईलवर एक आवाजी संदेश फिरायला लागला. बाईचा आवाज होता, अगदी जिव्हाळ्याचा. सगळ्या बचत गटांची कर्जं वरून माफ झाली आहेत, पण बँकवाले आणि गटाच्या समन्वयक बायका मिळून ते दाबून ठेवतात आणि तुमचे हप्ते आपसात वाटून घेतात. त्याच्यासोबत एका कागदाचा फोटो होता, खाली गोल शिक्का. आज रात्रीपर्यंत दहा जणींना पाठवा, म्हणजे तुमचं नाव यादीत येईल.

आम्हीच त्या समन्वयक. आम्ही संदेश ऐकला, हसलो आणि सोडून दिला. दोन दिवसांत विझेल असं वाटलं. पाच दिवस आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. चूक झाली ती तिथे. पाच दिवसांनी बैठकीला अठरापैकी सात जणी आल्या. त्यातल्या चौघींनी हप्ता आणला नव्हता. एक ताई सरळ म्हणाली, “खोटं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी बोलला असता. गप्प का बसला?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. जिच्या बाळंतपणात आम्ही रात्रभर दवाखान्यात बसलो होतो, ती आमच्याकडे बघेना. पुस्तकाचं वाचन बंद पडलं. त्या पंधरवड्यात आम्हाला झोप नव्हती, हे मोकळेपणाने सांगतो.

राग यायचा. पण राग ओसरल्यावर एक गोष्ट कळली, की या बायका वेड्या नाहीत. चार वर्षांपूर्वी एका खाजगी कंपनीचा माणूस गावात यायचा, दर आठवड्याला वसुली करायचा, पावती द्यायचा नाही. नऊ बायकांचे भरलेले पैसे भरलेच नाहीत असं नंतर निघालं. म्हणजे दाबून ठेवणं, आपसात वाटून घेणं हे त्यांनी एकदा खरोखर सोसलेलं आहे. एकदा पोळलेल्या माणसाला पुन्हा विस्तव दाखवला की त्याने तो खरा मानायचा नाही तर काय करायचं? त्या पुस्तकाचंही थोडं तसंच झालं असावं. अमेरिकेत २००२ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने दाखवून दिलं, की काही पाद्र्यांनी मुलांवर अत्याचार केले होते आणि वरिष्ठांनी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं. दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आलं. जिथे एक झाकलेली गोष्ट खरी निघाली, तिथे दुसरीही खरी वाटायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास पुण्याहून सचिवताईंची मुलगी आली. तिने त्या ‘सत्य’ पानाची शहानिशा केली होती. ते मंडळ १०९९ चं नाहीच. फ्रान्समधल्या आनमास गावात १९५६ साली प्लांतार नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी ते स्थापन केलं. आपण फ्रान्सच्या जुन्या राजवंशातले आहोत असं त्या प्लांतारला लोकांना पटवायचं होतं. म्हणून त्याने आणि त्याच्या एका मित्राने जुने वाटतील असे कागद तयार केले आणि १९६०च्या दशकात ते राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले. म्हणजे कागद ग्रंथालयात होते, हे खरं. पण ते तिथे सापडले ते कुणीतरी ठेवले होते म्हणून. काकूंनी विचारलं, “म्हणजे चोरानेच कोठीत धान्य ठेवलं आणि चोरानेच ओरड केली?” अगदी तसंच, काकू.

मग त्या मुलीने कागदाचा तो फोटो मोबाईलवर मोठा केला आणि विचारलं, हा शिक्का कुठल्या कार्यालयाचा? कुणालाच वाचता येईना. शिक्का गोल होता, निळा होता, पण त्यात अक्षरंच नव्हती, नुसते ठिपके होते. तारीख नव्हती. जावक क्रमांक नव्हता. सही कुणाची, तर नाव नव्हतं.

पण एवढ्याने संशय गेला असं समजू नका. आमच्या अध्यक्षाताईंनी वेगळीच वाट काढली. त्या म्हणाल्या, बँकेत आपण पदाधिकाऱ्यांनी जायचंच नाही. ज्यांना जास्त संशय आहे त्या तिघींनी जायचं. त्यांना गाडीभाड्याचे पैसे गटातून दिले. तिघी बँकेत गेल्या, गटाच्या खात्याचा उतारा घेतला, माफीबद्दल विचारलं आणि अशी माफी आलेली नाही हे बँकेकडून कागदावर लिहून आणलं. त्या गुरुवारी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर उतारा आणि आमची नोंदवही शेजारी ठेवून एक एक रक्कम मोठ्याने वाचली. वाचणाऱ्या त्या तिघीच. दोन तास लागले. एका जागी आमच्या नोंदवहीत दीडशे रुपयांची चूक निघाली, आमच्याच हातची. एक हप्ता दुसरीच्या नावावर चढला होता. त्या क्षणी आम्हाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गंमत बघा, ती चूक निघाली आणि ओसरीवरचं वातावरण सैल झालं. एक जण म्हणाली, “सगळं बरोबर निघालं असतं तर मला पटलं नसतं.”

दोन महिन्यांचे हप्ते थकले ते थकलेच. वेळेवर फेडणाऱ्या गटाला व्याजात जी सवलत मिळते ती त्या काळाची गेली. दोष कुणाचा यावर अजून एकमत नाही. आम्ही आमचा वाटा कबूल केला आहे.

असल्या संदेशाला आम्ही आता हसत नाही. आपल्याच राज्यात धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे संदेश फिरत होते, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्या संदेशातही आवाज काळजीचाच होता.

वाचन पुन्हा सुरू झालं ते श्रावणात. तेव्हा आमचे कान बदलले होते. प्रत्येक पानावर कुणीतरी विचारायचं, हे खरं का? लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडला ६६६ काचा आहेत असं पुस्तकात आहे. मुलीने शोधलं, संग्रहालय ६७३ सांगतं. यावर आम्ही नुसत्या हसलो. पण एका आकड्यावर कुणीच हसलं नाही. पुस्तकात असं आहे, की युरोपात तीनशे वर्षांत पन्नास लाख बायकांना चेटकीण ठरवून जाळलं. इतिहासकारांचा अंदाज असा आहे, की तिकडे चेटकाच्या खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसांना देहदंड झाला आणि त्यात चारातल्या तीन बायका होत्या. धाकटी सदस्य चिडून म्हणाली, “चाळीस हजार कमी होत्या का, म्हणून पन्नास लाख केले?” आशाताईंनी त्यात भर घातली. त्या नंदुरबारकडच्या. डाकीण म्हणून बाईला कसं वेगळं काढतात, तिच्या घरचं पाणी कसं बंद होतं, हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. त्यांचं मत असं, की आकडा फुगवला आणि तो खोटा निघाला, की ऐकणारा म्हणतो सगळंच खोटं. मग खऱ्या बाईचंही कुणी ऐकत नाही. जाता जाता सांगतो, आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी करणी करते, तिच्या मंत्राने जनावराचं दूध आटतं, असं एखादीबद्दल पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. कुणाला तशी अडचण असेल तर गटात बोला, एकटीने पोलीस ठाण्यात जायची गरज नाही, आम्ही बरोबर येऊ.

मग पुस्तक चांगलं की वाईट? हा प्रश्न आम्ही शेवटच्या दिवशी टाकला आणि हात वर करायला लावले. अकरा जणी म्हणाल्या चांगलं, चौघी म्हणाल्या बरं, दोघींनी हातच वर केला नाही. मावशी म्हणाल्या, “माझा हात अर्धा.” २००६ साली या पुस्तकावरचा सिनेमा भारतात आला तेव्हा तो काल्पनिक आहे अशी पाटी लावून दाखवला गेला, आणि गोव्यासह काही राज्यांत त्यावर बंदीही आली. त्याबद्दल आम्ही मावशींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बंदी घातली असती तर मला बायबल काढून तुम्हाला दाखवायची वेळच आली नसती. पण त्याच्याच पुढे असंही म्हणाल्या, की दुसऱ्याच्या देवाबद्दल असं चवीने ऐकताना तुम्हाला जेवढी मजा आली, तेवढी आपल्या देवाबद्दल आली असती का, ते तुमचं तुम्ही बघा. यावर ओसरीवर कुणीच बोललं नाही. आम्हालाही अजून उत्तर सापडलेलं नाही.

पुस्तकाची पाठ फाटली आहे, खळ लावून चिकटवली आहे. ज्या गटाला हवं असेल त्यांनी गुरुवारच्या बैठकीला येऊन नोंद करून न्यावं. एक महिना ठेवता येईल, तेलाचे हात लावू नका. मात्र सध्या ते जागेवर नाही. त्या गडबडीत आमच्यातली एक जण गट सोडून गेली होती, ती ओसरीवरच्या वाचनालाही आली नव्हती. गेल्या सोमवारी तिने सुनेला पाठवून पुस्तक मागवून घेतलं. आता ते तिच्याकडे आहे. पन्नासाव्या प्रकरणापर्यंत तिने आमच्याबरोबर ऐकलं होतं, तिथून पुढे वाचते आहे असं सून सांगते. हप्त्याचं अजून काही बोललेली नाही. पुस्तक परत आलं की आम्ही रेडिओवर कळवू.